माझं बंद तर नाही न पडत?

"तू बटण दाबलं की माझं बंद तर नाही न पडत?" आज संध्याकाळी बाबांनी विचारलं, अन् तेव्हापासून तेच डोक्यात घोळून राहिलं.

आमच्या प्रतापनगरच्या घरी टेबल एक, मॉनिटर एक, कीबोर्ड-माऊस एक, पण खाली कॉम्प्युटर तीन, अन् मधात केव्हीएम स्विच, म्हणजे बटण दाबलं की तोच स्क्रीन अन् कीबोर्ड-माऊस एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणारी डबी. इनपुट लीपसारखं सॉफ्टवेअरही असते, पण ते नेटवर्कवरून फक्त कीबोर्ड-माऊस वाटते, प्रत्येक मशीनला स्क्रीन आपापला लागतो, म्हणून आम्ही सरळ डबीच घेतली.

बाबांच्या जुन्या पीसीत सोसायटीचा सगळा हिशोब आहे. मी ऑफिसच्या कामासाठी बटण दाबलं की त्यांचा तक्ता स्क्रीनवरून जाते, अन् ते काहीच न बोलता चष्मा काढून उठतात. त्यांना वाटायचं आता सगळं पुन्हा पहिल्यापासून!

मी सांगितलं, बाबा, स्विच फक्त स्क्रीन अन् कीबोर्ड इकडून तिकडे वळवते, तुमचं मशीन खाली सुरूच असते, फाइल जिथं होती तिथंच. ते म्हणाले, "मग दिसत का नाही?"

घरात ज्याचं काम पगाराचं, स्क्रीन आधी त्याला, हे आम्ही कधी ठरवलं होतं? तुमच्याकडे कसं करता?