तुम्ही विचारलंत म्हणून: सापावर दिवसातून किती वेळा पाणी मारायचं?

मंडळाच्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या रांगेत, आणि हल्ली तर रात्री नऊनंतर फोनवरही मला हाच प्रश्न येतो. "तुमच्याकडे साप आहे ना हो, त्याच्या पेटीत दिवसातून किती वेळा पाणी मारता?" विचारणाऱ्या बहुतेक आयाच. मुलाने वर्षभर हट्ट केलेला असतो, वाढदिवसाला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, घरी आलेला असतो. दुकानदाराने एक स्प्रेची बाटली देऊन "ह्युमिडिटी साठ ठेवा" (म्हणजे हवेतला दमटपणा साठ टक्के) एवढं सांगितलेलं असतं. आता थंडी सुरू झाली, आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघतेय.

माझं उत्तर: एकदाही नाही. त्यावर समोरची बाई माझ्याकडे अशी बघते, की ही काहीतरी लपवतेय. मग मला पुढचं सांगायचं असतं, पण तेवढ्यात आरती सुरू होते. म्हणून एकदा लिहूनच काढते.

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. साप मुलाचा. तो नववीत असताना आणला. अंगाचं घट्ट वेटोळं करून बसला की हुबेहूब लाडू दिसतो, म्हणून नाव लाडू. मुलगा कॉलेजला गेला, लाडू आईकडे राहिला. हे साप वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात हे आम्हाला आणताना माहीत नव्हतं, नाहीतर मी नाव जरा विचार करून ठेवलं असतं. माझं माहेर देवगडचं. आमची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, आणि दिवेलागणीनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आई फोनवर "तुझं ते जनावर बरं आहे ना" असंच विचारते. (भारतात वाचणाऱ्यांसाठी: देशी साप घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती धामण असो की अजगर. हे वाचून कुणी काही घरी आणू नका.)

पहिल्या हिवाळ्यात मीही पाणी मारत होते. सकाळी एकदा, रात्री एकदा. पेटीत दमटपणा मोजणारा गोल तबकडीचा काटा चिकटवलेला होता, तो कायम साठच्या आसपास. म्हणजे सगळं ठीकच. जानेवारीत लाडूने कात टाकली ती पापुद्र्यांनी, जुन्या भिंतीचा रंग सुटावा तशी. पाठीवर ठिगळं राहिली, आणि डाव्या डोळ्यावर एक धुरकट भिंग. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तो दर वेळी कातीबरोबर निघून यायला हवा. तो अडकला होता.

आम्ही घाबरून पाणी वाढवलं. दिवसातून पाच-सहा वेळा. खाली लाकडाचा भुसा होता, तो वरून सतत ओला राहू लागला, एका कोपऱ्यात बुरशी धरली. आणि दोन आठवड्यांनी लाडूला उचलल्यावर पोटाच्या खवल्यांवर लालसर-तपकिरी डाग दिसले. डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटा करून बघितलं आणि म्हणाल्या, याचं पोट ओल्यात कुजायला लागलंय आणि कात कोरड्या हवेमुळे अडकलीय, दोन्ही एकाच वेळी. डोळ्याला हात लावायचा नाही, ओरबाडलं तर डोळा जाईल, पुढच्या कातीबरोबर निघतो का बघू, असं बजावलं. (निघाला.) पोटाला मलम दिलं आणि खाली काही दिवस कोरडे कागदी टॉवेल घालायला सांगितले.

ओलं आणि दमट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणात वाढलेल्या बाईला अमेरिकेतल्या डॉक्टरने सांगावं, याची मला जरा लाजच वाटली.

तर काटा. त्या काट्याची परीक्षा मी मिठाने घेतली. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर पाण्याचे काही थेंब. विरघळू द्यायचं नाही, नुसतं ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. ते झाकण आणि काटा दोन्ही एका हवाबंद पिशवीत घालून घरातच आठ-दहा तास ठेवायचं. पिशवीतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाचा तो धर्मच आहे. हवा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. आषाढात आमच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं ते याचमुळे. आई त्यात तांदळाचे दाणे टाकायची. एवढी वर्षं बघितलेली गोष्ट, पण तिचा उपयोग इतक्या लांब येऊन झाला. आमचा काटा त्या पिशवीतही साठच दाखवत होता. दिवाणखान्यात ठेवला तरी साठ. म्हणजे तो काटा नव्हता, साठ लिहिलेलं चित्र होतं. नवा डिजिटल मीटर आणला, त्याने पिशवीत चौऱ्याहत्तर दाखवले. तोच लाडूच्या पेटीत ठेवला तर बावीस.

बावीस का, तेही एकदा समजून घ्या, म्हणजे बाटली आपोआप हातातून सुटेल. टक्के म्हणजे हवेत पाणी किती आहे ते नव्हे. त्या तापमानाची हवा जेवढं धरू शकते त्याच्या किती हिश्श्याने भरलीय, ते. बाहेर उणे पंधरा असतं तेव्हा घनमीटरभर हवेत, ती काठोकाठ भरलेली असली तरी, जेमतेम दीड ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन फर्नेसने (घर तापवणाऱ्या यंत्राने) एकवीस अंशांवर नेली की तिची ताकद अठरा ग्रॅमची होते, पण आत पाणी तेवढंच. म्हणजे आठ टक्के. आपल्या आंघोळी, भाताचे कुकर, कपडे, श्वास, सगळं मिळून घर कसंबसं पंचवीसवर येतं. ती पंचवीस टक्क्यांची हवा सापाच्या उबदार कोपऱ्यात बत्तीस अंशांवर गेली की पंधरासुद्धा भरत नाही. आणि आमच्या पेटीला वरून जाळी, जाळीवर दिवा. गरम हवा वर जाणार, जाळीतून बाहेर पडणार, खालून कोरडी आत येणार. चुलीवरचं धुराडं जसं चालतं तसं. त्यात मी दिवसभर फुसफुस पाणी मारत होते.

मग झाकण. जाळीचा तीन चतुर्थांश भाग मी बाहेरून अॅल्युमिनियमच्या पट्टीने बंद केला, दिव्याभोवतीची जागा मोकळी ठेवून. बाहेरून म्हणजे बाहेरूनच. पेटीच्या आत कुठलीही चिकटपट्टी लावू नका. साप तिला घासून गेला तर कातडी सोलून निघते. एवढ्या एका गोष्टीने मीटर दोन दिवसांत चाळीसवर आला, तोही एक थेंब न शिंपडता. पुढे आम्ही पुढून उघडणारी पीव्हीसीची पेटी घेतली, तिला जाळी नाही, बाजूला हवेपुरती भोकं आहेत. खर्च परवडत असेल तर पहिल्यापासून तीच घ्या.

आणि खाली काय घालायचं, हा माझा आवडता भाग. लाकडाचा भुसा टाकून दिला. आता नारळाचं सोडण आहे, बारीक तुकडे करून विटेसारखं दाबलेलं. माहेरी सोडणं न्हाणीच्या चुलीत जळायची, पडवीत ढीग असायचा. इथे मी ती डॉलर मोजून आणते, पाकिटावर श्रीलंकेचं नाव. त्या विटेवर गरम पाणी ओतलं की ती फुगते, आणि स्वयंपाकघरात पहिल्या पावसात भिजलेल्या पडवीचा वास येतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी सिंकजवळ बराच वेळ नुसती उभी होते. नवऱ्याने विचारलं, रडतेयस का? म्हटलं, नाही, सापाचं अंथरूण करतेय.

हे सोडण चांगलं चार इंच जाड पसरायचं. पाणी वरून शिंपडायचं नाही, चारही कोपऱ्यांत कडेकडेने ओतायचं. आमची पेटी चार फूट बाय दोन फूट आहे, तिला थंडीत आठ-दहा दिवसांनी एक तांब्या पुरतो. पाणी तळाशी जातं, वरचा थर कोरडा राहतो, आणि खालची ओल हळूहळू वर येत हवेत मिसळते. कुंडीतल्या मातीत घालतो तसं बोट खुपसून बघा: वर कोरडं, दोन पेरं खाली गार ओलसर. साप ज्यावर झोपतो तो थर तळहाताला ओला लागला तर पाणी जास्त झालं.

हा साप मूळचा घाना, टोगो, बेनिन या भागांतला. तिथे पावसाळा संपला की सहाराकडून कोरडे वारे येतात. मग त्याला एवढा दमटपणा कशाला, असं मुलाने विचारलं होतं. कारण तो वाऱ्यात राहतच नाही. उंदीर-घुशींनी खणलेली बिळं आणि वाळवीची वारुळं, त्यांत तो दिवस काढतो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण नागापेक्षा याला जास्त लागू पडते. जमिनीखालची ती हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी ओलसर असते. म्हणून मीटरही वर काचेला लावू नका. जमिनीलगत, तो लपतो त्या डब्याजवळ ठेवा. मी तिथे साठ ते सत्तर ठेवते.

कात जवळ आली की कळतं. रंग मळकट होतो, डोळ्यांवर निळसर दुधी झाक येते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत कात पडते. डोळे दुधी दिसले की मी पेटीत एक बादली ठेवते. मिनेसोटात आइस्क्रीम प्लॅस्टिकच्या बादलीतून मिळतं, आणि ती बादली कुठल्याही घरात फेकली जात नाही, त्या बाबतीत हे लोक आपल्यासारखेच. झाकण लावलेल्या बादलीच्या बाजूला भोक पाडायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या, आत स्फॅग्नम शेवाळ भिजवून, घट्ट पिळून भरायचं. पिळून हे महत्त्वाचं. लाडू आपणहून आत जातो, हवं तेव्हा बाहेर येतो.

परवाची कात सव्वा मीटर भरली, एकसंध, उशीचा अभ्रा काढताना उलटा व्हावा तशी. (कात ताणली जाते, साप तेवढा लांब नसतो.) ती खिडकीशी उजेडात धरून मी पहिल्यांदा डोक्याचा भाग बघते: दोन छोटी गोल भिंगं दिसलीच पाहिजेत. मग शेपटीचं टोक. तिथे कातीचं कडं अडकून राहिलं तर रक्त थांबतं आणि टोक वाळून जातं.

बाकी थोडक्यात. वाफ सोडणारी यंत्रं मला आवडत नाहीत; टाकीतलं पाणी दोन दिवसांत बुळबुळीत होतं आणि तेच साप श्वासात घेतो. काचेवर दिवसभर पाण्याचे थेंब दिसत असतील तर जरा हवा खेळू द्या. साप शिटीसारखा श्वास घेत असेल, तोंड उघडं ठेवत असेल, नाकाशी बुडबुडे येत असतील, तर मला फोन करू नका, डॉक्टरला करा. आणि माझे आकडे बॉल पायथनचे आहेत. कॉर्न स्नेकला पन्नास पुरे होतात, केनियन सँड बोआला त्याहून कमी, आणि ब्राझिलियन रेनबो बोआला ऐंशीच्या पुढे लागतात.

डिसेंबरात आम्ही तीन आठवडे देवगडला गेलो होतो. शेजारच्या आजींकडे किल्ली दिली, फ्रिजवर चिठ्ठी लावली: प्यायचं पाणी रोज बदलावं, रविवारी कोपऱ्यात एक तांब्या ओतावा. तांब्या कोणता ते कळावं म्हणून तो पेटीवरच ठेवला. स्प्रेची बाटली मात्र मी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवून गेले होते.