ऑपरेशन झालेल्या पॉमची वाटी परत सरकते तेव्हा

पॉमेरेनियन कुत्रं टेबलावर आलं की तक्रार काहीही असो, आम्ही गुडघ्याची वाटी चाचपून घेतोच, इतका हा प्रकार कॉमन आहे. पण ही केस वेगळी, कारण ऑपरेशन आधीच दुसरीकडे झालेलं होतं आणि तरी साहेब लंगडत होते. काकू पार वैतागलेल्या. "अहो डॉक्टर, टाके निघाले, पैसे गेले, आणि हा परत तसाच! चार पावलं नीट, मग एकदम मागचा पाय वर, जरा झटकतो की पुन्हा नीट." आता यापेक्षा चांगली हिस्टरी कोण देणार, झटकल्यावर वाटी जागेवर जाते ना.

भूल देऊन पाहिलं. पाय सरळ असताना वाटी जागेवर, पाऊल आतल्या बाजूला वळवलं की टक्कन आत घसरायची, बोटाला ती टक् जाणवते, आणि पाय लांब करून पाऊल बाहेर फिरवलं की परत जागेवर. ग्रेड दोन, म्हणजे वाटी सरकण्याच्या चार पायऱ्यांतली दुसरी. स्कायलाइन एक्सरेत, म्हणजे गुडघा वाकवून खाचेच्या दिशेने काढलेल्या फोटोत, मांडीच्या हाडातली खाच, जिच्यात वाटी वरखाली सरकते, ती चांगली खोल कोरलेली दिसत होती, म्हणजे ते काम आधी व्यवस्थित झालं होतं, पण हाडात एकही वायर नाही. नडगीच्या हाडाचा पुढचा उंचवटा, जिथे वाटीची पट्टी येऊन चिकटते, तो हलवलेलाच नव्हता आणि तो सरळ सरळ आतल्या बाजूला होता. मांडीचा स्नायू, वाटी, पट्टी आणि हा उंचवटा एका रेषेत नसतील तर प्रत्येक पावलाला ओढ आतच बसणार. रहाटाचा दोर तिरका ओढत राहिलं तर चाकाची खोबण कितीही कोरा, दोर उतरणारच की.

परत उघडलं. खाचेला हात लावायची गरजच नव्हती, वाटीची साधारण निम्मी जाडी आत बसत होती. आतल्या बाजूचं आवळलेलं सैल केलं, उंचवटा बारीक करवतीने सोडवला, खालच्या टोकाला हाडाचं आवरण तसंच ठेवून, आणि काही मिलिमीटर बाहेर सरकवून नुसता धरला. आणि मग मला सगळ्यात आवडणारा भाग, गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, पाऊल आत वळवून, मग बाहेर वळवून. बाहेर का, तर हाड जास्त सरकवलं तर वाटी उलट बाजूला पळते आणि मग ते निस्तरणं जास्त कटकटीचं. वाटी हलली नाही. मग दोन बारीक के-वायर, म्हणजे हाड धरून ठेवणाऱ्या सरळ तारा, टाकल्या, परत तेच सगळं तपासलं, बाहेरची बाजू आवळून घेतली आणि टाके. असिस्टंट घड्याळ बघत होता, बघू दे.

काकूंना आठ आठवडे सोफा बंद, जिना बंद, शू-शीला पण पट्टा लावूनच असं सांगितलं. हाड जुळायच्या आत उडी मारली तर उंचवटाच उपटून यायचा. घरात गुळगुळीत टाइल्स, त्यावर चटया अंथरायला लावल्या, तळव्यातले केस कापले. सहा आठवड्यांच्या एक्सरेत हाड मस्त धरत होतं, वायर जागेवर, वाटी पाऊल वळवूनही ढिम्म.

"आणि दुसरा पाय?" काकूंनी विचारलंच. बघितला, ढकलली तर सरकते, सोडली की आपोआप परत जाते, ग्रेड एक, लंगडत नाही. तूर्त त्याला हात लावायचा नाही, वजन तेवढं कमी करा म्हटलं, बिस्किटं कोण देतं घरात? काकूंनी काकांकडे बघितलं.