तुम्ही विचारलंत म्हणून : 'टेंडरलॉइन'मध्ये जीव का अडकलाय?

'टेंडरलॉइन'चा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "ज्याची एकही प्रत उरलेली नाही, त्या सिनेमाबद्दल इतकं काय वाटतं तुम्हाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

वॉर्नर ब्रदर्सचा हा गुन्हेगारीपट १४ मार्च १९२८ला न्यूयॉर्कमध्ये लागला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, पुढे 'कॅसाब्लांका' केला तोच. डोलोरेस कॉस्टेलो नाचणाऱ्या मुलीच्या भूमिकेत, कॉनराड नेगल टोळीतला तरुण. चोरीशी काही संबंध नसताना मुलगी त्यात गोवली जाते. सिनेमा बराचसा मूक, पाट्यांवर चालणारा. मधेच काही प्रसंगांत पात्रं चक्क बोलायला लागतात. ते संवाद ऐकून प्रेक्षक हसले, आणि वॉर्नरला त्यातला काही भाग कापावा लागला.

मला नेमकं तेच ऐकायचंय. त्याच वर्षी जुलैत आलेला 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क' हा पहिला संपूर्ण बोलपट, तोही गुन्हेगारीचाच, आज बघायला मिळतो. पण त्यात सगळे पहिल्यापासून बोलतात. मुकी माणसं ऐन कथेत बोलू लागतात तेव्हा नटांचं काय होतं, चेहऱ्यावरचा अभिनय आणि तोंडातलं वाक्य यांची सांगड कशी बसते किंवा फसते, हे बघायला 'टेंडरलॉइन'च हवा. सिनेमा चारचौघांत बोलायला शिकत होता, ती धडपड मला यशस्वी बोलपटांपेक्षा मोलाची वाटते.

शिवाय त्याचा आवाज फिल्मवर नव्हताच. व्हिटाफोन पद्धतीत तो सोळा इंची तबकडीवर असे. प्रोजेक्टरला जोडलेल्या फिरत्या थाळीवर ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि सुई आतून बाहेर सरके. एका रिळाला एक तबकडी, साधारण अकरा मिनिटांची. लेबलवर चौकोन छापलेले असत. दर खेळाला ऑपरेटर एकेकावर खूण करी आणि वीसेक खेळांनंतर तबकडी बाद. फिल्म तुटली तर गेलेल्या फ्रेमइतकीच कोरी फिल्म जोडावी लागे. नाहीतर ओठ पुढे, आवाज मागे.

बरोबर तीन वर्षांनी, १४ मार्च १९३१ला, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. त्याचा आवाज फिल्मवरच होता, त्यामुळे फिल्मबरोबर तोही गेला. 'टेंडरलॉइन'चे मात्र चित्र आणि आवाज वेगवेगळे राहिले, म्हणून माझी आशा सुटत नाही. १९९१पासून 'व्हिटाफोन प्रोजेक्ट'ची मंडळी संग्राहकांकडच्या तबकड्या हुडकून मुक्या रिळांशी जुळवतायत, आणि कितीतरी लघुपट त्यांनी पुन्हा बोलते केलेत.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी वाचकांना मनापासून विनंती : जुन्या सामानाच्या विक्रीत एका बाजूलाच रेघा असलेली अशी मोठी तबकडी दिसली, तर पुढे जाऊ नका, लेबल वाचा.