गाडी कुठवर आली?

सिएटलमध्ये माझं रोजचं जाणं-येणं सिटी बसनंच होतं. इथं प्रत्येक थांब्याच्या खांबावर एक नंबर असतो. तो फोनमध्ये टाकला की पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते कळतं. मी घाटंजी तालुक्यातला, फाट्यावर यष्टीची वाट पाहत मोठा झालेला, म्हणून ही सोय कोणी केली ते खोदून पाहिलं. ती केली इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी.

बस आत्ता कुठे आहे त्यावरून ती थांब्यावर कधी पोहोचेल, याचं गणित डॅन डेली या प्राध्यापकांनी आधीच मांडलं होतं. 2008 मध्ये ब्रायन फेरिस या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं ही सोय 'वनबसअवे' या नावानं सुरू केली. वाहतुकीचा अभ्यास करणारी कॅरी वॉटकिन्स त्याच्या जोडीला होती. मला सगळ्यात भावलं ते हे, की त्यासाठी महागडा मोबाइल लागत नव्हता. साध्या फोनवरून नंबर फिरवायचा, थांब्याचा आकडा दाबायचा, की पलीकडून आवाज वेळ सांगायचा. एसएमएसवरही चालायचं.

ब्रायन, कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे थांब्यांवर उभं राहून प्रवासी गाडीची किती वेळ वाट पाहतात ते मोजलं. 2011 मध्ये ते संशोधन छापून आलं. माहिती नसणाऱ्यांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ ताटकळलो असं वाटत होतं. माहिती असणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं, शिवाय ते खरोखरच जवळपास 2 मिनिटं कमी थांबत होते.

इथं प्रश्न 2 मिनिटांचा. आपल्याकडे दिवसाला मोजक्याच फेऱ्या असलेल्या गावात प्रश्न अख्ख्या दिवसाचा असतो. "गाडी गेली काय जी?" असं फाट्यावर येणारा प्रत्येक जण विचारतो आणि खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. पोरींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी गाडी आली नाही तर पोरींची शाळा बुडते. 17 मार्च 2023 पासून बायांना यष्टीत अर्धं तिकीट आहे, पण गाडी येणार की नाही हेच ठाऊक नसलं तर दवाखान्यात निघालेली मावशी समोर आलेल्या काळीपिवळीत बसते आणि पूर्ण पैसे मोजते. सरकारनं दिलेली सवलत तिथं फाट्यावरच संपते. मला हे फार लागतं.

सिएटलचं जसंच्या तसं आपल्याकडे चालणार नाही. टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला रेंजचा भरवसा नसतो, आणि हात दाखवला की गाडी कुठंही थांबते. पण आपल्याला मिनिटांचा हिशेब नकोच आहे. गाडी आगारातून सुटली, उशिरा आहे, की आज रद्द, एवढ्या तीन गोष्टी साध्या फोनवर मराठीत ऐकू आल्या तरी पुष्कळ. प्रवासी निवाऱ्याच्या भिंतीवर एक मोठा नंबर रंगवायचा. तिथं मिस्ड कॉल दिला की उलट फोन येईल.

'वनबसअवे'चा कोड, म्हणजे त्यामागचा संगणक प्रोग्राम, सगळ्यांसाठी खुला आहे. न्यूयॉर्कच्या बसची माहिती देणारी यंत्रणाही त्याच्यावरच उभी राहिली. पुसद, यवतमाळ, अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावाच लागतो. एका आगाराशी बोलून, एकाच मार्गावर कोणी हे करून पाहणार असेल तर खाली लिहा. कोड समजावून द्यायला मी रात्री जागून बसेन.