गणित सोडलं नाही हो

"गणितात एवढी हुशार होतीस, मग ते सोडून हवामानात कशाला गेलीस?" दांडिया बाजारात, गणपतीच्या आरतीनंतर, कुणाच्या बारशाला, सगळीकडे हेच. रिटायर होऊन बडोद्याला परत आल्यापासून तर रोजचंच झालंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा काय ते सांगते.

रँगलर परांजपे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. त्यांच्या १० वर्षं आधी, १८८९ मध्ये, गिल्बर्ट वॉकर केंब्रिजला सीनियर रँगलर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला आणि १९०४ मध्ये इथे येऊन हवामान खात्याचा प्रमुख. पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब आलटून पालटून वरखाली होतो हे त्याने नुसती आकडेमोड करून काढलं, तेसुद्धा मान्सूनचा अंदाज शोधताना. त्याला नसेल हो कुणी विचारलं गणित का सोडलंस म्हणून.

बरं, चिडते म्हणून माफ करा, पण ठसठस जुनी आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका विद्यापीठात गणित विभागात रीडरच्या जागेसाठी मुलाखत होती, नाव घेत नाही. माझं काम असं, की हवेची आत्ताची स्थिती मोजताना राहिलेली बारीकशी चूक पुढे किती वेगाने वाढते, म्हणजे हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झने १९६३ मध्ये तीन समीकरणांत जे दाखवलं ते मान्सूनच्या वाऱ्यांत काय रूप घेतं. फळ्यावर समीकरणं लिहिली तर उभ्या दिशेच्या समीकरणाशी एका ज्येष्ठ सरांनी थांबवलं. "यातलं त्वरण कुठे गेलं?" मी म्हटलं, वगळलंय सर, वारे हजार-हजार किलोमीटर पसरलेले आणि ज्यात पाऊस तयार होतो तो थर जेमतेम १०-१५ किलोमीटरचा, पापुद्राच तो, त्यामुळे एवढ्या मोठ्या प्रवाहात हवेचं वजन आणि दाब यांचा तोल धरला की भागतं. सर हसले. "म्हणजे आधी अंदाजे समीकरण घ्यायचं आणि मग त्यातून अंदाज काढायचा! मॅडम, यात प्रमेय कुठंय?" मग बाकीचेही हसले, त्यातले एक तर माझ्याच गाइडच्या ओळखीचे. मी समीकरणांवरून हवामानाचा अंदाज हाताने काढून पाहणाऱ्या रिचर्डसनचं उदाहरण द्यायला गेले, कोणी ऐकलं नाही, तेवढ्यात चहा आला आणि मी तो मुकाट्याने प्यायले, याचाच राग जास्त येतो. जागा दुसऱ्याला मिळाली. तो माणूस चांगला होता, ते वेगळं.

पुढे हवामानवाल्यांकडे नोकरी लागली, तिथे उलट तक्रार. "समीकरणं राहू द्या, पाऊस किती ते सांगा."

आणि मग २००७. काओ आणि टिटी या दोन गणितज्ञांनी सिद्ध केलं की हीच समीकरणं, उभं त्वरण वगळलेली, हवेचं अंतर्गत घर्षण धरून, त्रिमितीत कायम नीट चालतात, उत्तर मध्येच फाटत नाही. काहीही न वगळता जे नेव्हिअर-स्टोक्स, म्हणजे प्रवाहाचं मूळ समीकरण, उरतं त्याचं हेच अजून कुणाला जमलेलं नाही, २००० पासून त्यावर १० लाख डॉलरचं बक्षीस पडून आहे. म्हणजे सरांना जे खुपलं, ते वगळल्यामुळेच प्रमेय जमलं! तो पेपर सरांना पाठवावा असं फार वाटलं. नाही पाठवला, कारण प्रमेय माझं नव्हतंच, मी ते सिद्ध करायचा प्रयत्नही केला नव्हता.

बरं, तिथेच जिंकले म्हणावं तर ३१ जुलै २०१९ आहे. बडोद्यात एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, विश्वामित्री नदी शहरात, आणि शेजारचे काका मला विचारतायत की तुझं गणित काय म्हणत होतं. काका, असा पाऊस पाडणाऱ्या ढगांत हवा इतक्या जोरात वर चढते की तिथे ते त्वरण वगळून चालतच नाही, प्रमेयाचा तिथे उपयोग नाही. मग सरच बरोबर होते का? छे, ते ढगांबद्दल बोलतच नव्हते, त्यांना फक्त शुद्ध-अशुद्ध करायचं होतं. पण तरुणपणी मी सगळ्यांना सांगत फिरायचे की दोन्हीकडची माणसं एक दिवस एकाच टेबलावर बसतील, ते काही मी अजून पाहिलेलं नाही.

आता भाची गणितात एम.एस्सी. करतेय आणि वहिनी म्हणतात, तिच्या डोक्यात हे भरवू नका. मी भरवत नाहीये वहिनी. तिने स्वतःहून काओ-टिटीचा पेपर मागितला, मी पाठवला, पुढचं तिला विचारा.