आकडा येईपर्यंत

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. मार्चमध्ये हळदीचे सौदे जोरात असताना दर अर्ध्या तासाला उठून जायला लागलो, तेव्हा हमालसुद्धा हसायला लागले. जळजळ होतीच. एका पहाटे लघवी तांबूस दिसली आणि पायातलं बळच गेलं. वय ५८, त्यामुळे मन थेट नको तिथंच पोचलं.

विश्रामबागच्या डॉक्टरांनी लघवीचं कल्चर सांगितलं. पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत. रिपोर्टला तीन दिवस, कारण आधी जंतू वाढवायचे, मग त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचं. सोनोग्राफीला तर लघवी तुंबवून या म्हणाले. ज्याला तीच तुंबत नाही, त्याला! बाकावर पाय आवळून बसलो होतो आणि माझ्या आधी चार नंबर.

खरी पंचाईत पीएसएची. ही प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, रक्ततपासणी लगेच उरकून टाकू, असं मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "संसर्ग असताना तो आकडा फुगलेला येतो. आत्ता केली तर तुम्हीच घाबराल. सहा आठवड्यांनी करू."

सहा आठवडे! आम्ही सांगलीकर आकड्यांवर जगणारी माणसं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे पोरंसोरंही सांगतील. २०१९ च्या पुरात मी रात्रभर पाण्याची पातळी विचारत बसलो होतो. पण तेव्हा तासातासाला कुणीतरी आकडा सांगत तरी होतं. इथं काहीच नाही. रात्री दोनला मोबाईल उघडायचा, वाईटातलं वाईट वाचायचं आणि पुन्हा बाथरूमला. ती फेरी दुखण्याची की भीतीची, कळेना.

मला सावरलं ते एका वहीनं. डॉक्टरांनीच तीन दिवसांची नोंद मागितली होती: किती वाजता काय प्यालो, किती वाजता किती लघवी झाली. मोजायला खुणांचा प्लास्टिकचा जार आणला. तो चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून बायकोनं त्याच्या कानाला लाल दोरा बांधला. मी जमा-खर्चासारखी दोन पानं आखली. जमा: चहा १५०. नावे: ९०, रात्री १:४०. तिसऱ्या दिवशी बेरीज मारली आणि माझं मलाच हसू आलं. रात्री साडेनऊनंतर मी दोन पेले पाणी आणि एक चहा रिचवत होतो. शेजारच्या काकूंचं धण्याचं पाणी वेगळंच. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती?

कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचे जंतू निघाले. औषधाचा कोर्स झाला, जळजळ थांबली. पण रक्त खरंच गेलं का, हे बघायला लघवी पुन्हा तपासली. डॉक्टरांनी ते बजावूनच सांगितलं होतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी वाढलेली होती. मोबाईल रात्री बायकोच्या उशाला जायला लागला. भीती गेली नाही, फक्त सौद्याच्या वेळेत ती आठवेनाशी झाली.

मे महिन्यात पीएसए झाली. २.१ आली, म्हणजे मर्यादेत. बायकोनं जार भंगारात काढला होता, मी परत आणला. तीन महिन्यांनी पुन्हा नोंद मागितली आहे.