भरीत, केळी आणि एफ.वाय.चा विज्ञानाचा पेपर

नव्या शैक्षणिक धोरणामुळे बी.ए., बी.कॉम.च्या पोरांनाही विज्ञान शाखेचा एखादा ओपन इलेक्टिव्ह घेता येतो. आमच्या कॉलेजात तो पेपर वनस्पतिशास्त्र विभागाकडे आला आणि विभागात सगळ्यात ज्युनिअर मी, त्यामुळे माझ्या गळ्यात पडला. वर्गात जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची मुलं, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून एसटीने येणारी पावरा आदिवासी मुलं, आणि निम्म्यांच्या बॅगेत एमपीएससीची पुस्तकं.

पहिल्याच तासाला विचारलं, वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर तयार: "कलम ५१ अ, मॅडम. मूलभूत कर्तव्य. १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती." अगदी बरोबर. मग मी फळ्यावर लिहिलं, 'ही पावडर घेतलेल्या १०० पैकी ८० जणांची सर्दी दहा दिवसांत गेली.' पावडर गुणकारी की नाही? वर्ग एका सुरात म्हणाला, गुणकारी. साधी सर्दी बहुतेकांची आठवडा-दहा दिवसांत आपसूक जाते हे प्रत्येकाच्या आजीला ठाऊक असतं. पण फळ्यावर आकडा आला की आजी विसरली जाते.

अभ्यासक्रमात निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा व्याख्यांची रांग होती. ती मी दोन तासांत उरकली आणि ठरवलं, सेमिस्टरभर एकच प्रश्न घोटायचा: कशाशी ताडून पाहिलं?

जानेवारी होता, भरताच्या वांग्यांचा हंगाम. वर्गात वाद निघाला की कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि गॅसवरचं भरीत यात खरंच फरक लागतो का. अमळनेरकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मी डोया झाकीसन वळखसू!" म्हणजे डोळे झाकून ओळखीन. म्हटलं, चल, करून बघू.

रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ साली चहाच्या आठ कपांचा असाच प्रयोग मांडला होता: कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून सांगायचं. हा माणूस इंग्लंडातल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात नोकरीला होता, हे कळल्यावर पोरांना तो जरा आपल्यातला वाटला. आम्ही चहाच्या जागी भरीत घेतलं. एकाच ढिगातली वांगी, अर्धी हॉस्टेलच्या गॅसवर, अर्धी मागच्या मोकळ्या जागेत काड्यांवर. मिरची, लसूण, शेंगदाणे, मीठ तोलून सारखं. आठ द्रोण, चार या भरताचे, चार त्या.

खरी शिकवणी प्रयोगाच्या आधीच झाली, आणि ती मुलांनीच घेतली. एक मुलगी म्हणाली, काड्यांवरचं अजून गरम आहे, त्यावरूनच कळेल. दोन्ही गार होऊ दिली. दुसरा म्हणाला, सालीचे काळे कण दिसतात. डोळ्यांवर रुमाल आला. तिसऱ्याने विचारलं, द्रोण देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून कळणार नाही का? मग द्रोणांची मांडणी चिठ्ठ्या टाकून एका मुलीने केली, वहीत नोंदवली आणि ती वर्गाबाहेर जाऊन बसली. वाढणाऱ्याला नुसते नंबर. 'अंध चाचणी' हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

पहिल्या मुलीने काड्यांवरचे चार द्रोण निवडले, त्यातले तीन बरोबर. टाळ्या पडल्या. मी टाळ्या थांबवून हिशेब करायला लावला. आठातून चार निवडायच्या ७० तऱ्हा. चारही बरोबर अशी एक, तीन बरोबर अशा १६. म्हणजे भरीत तोंडात न घालता नुसतं ठोकून दिलं तरी साधारण चारातल्या एकाचे तीन किंवा जास्त बरोबर येणारच. कुणाला पटेना. मग आठ चिठ्ठ्या करून सगळ्या वर्गाने न बघता उचलल्या. साधारण पाव वर्गाचे तीन आले. मगच पटलं.

अमळनेरवाल्याचे चारही बरोबर आले. तोवर वर्ग बिलंदर झाला होता. एकजण म्हणाला, इतक्या जणांनी खाल्लं, कुणातरी एकाचं लागणारच की. मला हे वाक्य ऐकून जो आनंद झाला तो पगारवाढीलाही होत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या एकट्यासाठी पुन्हा मांडलं. पुन्हा चारही बरोबर. निव्वळ नशिबाने दोन्ही वेळा असं घडायची शक्यता ४९०० त एक. मुलगा खरंच ओळखत होता. काडीला कडकपणा देणाऱ्या लिग्निनच्या जळण्यातून धुरात ग्वायकॉलसारखे वासाचे पदार्थ येतात, गॅसच्या ज्वाळेत ते नसतात, हे सांगायला मग आयती संधी मिळाली. विज्ञान म्हणजे दरवेळी लोकांचं म्हणणं खोडून काढणं, ही समजूतही तिथेच थोडी ढिली झाली.

केळीचा किस्सा मात्र असा सुटसुटीत नाही. एका मुलाच्या वडिलांनी कृषी सेवा केंद्रातून महागडं टॉनिक आणलं होतं. मागच्या वर्षीपेक्षा घड मोठे पडले म्हणून यंदा पुन्हा घेणार होते. वर्गाने खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याच वर्षी त्यांनी कंद सोडून टिशू कल्चरची रोपं लावली होती आणि ठिबकही नवं टाकलं होतं. मग घड कशाने वाढला? सगळ्यांचं एकमत, काही ओळी टॉनिकविना सोडायच्या. बांधाकडच्या नकोत, तिथे ऊन-वारा वेगळा लागतो. ओळी चिठ्ठीने ठरवायच्या. मुलगा घरी सांगून आला आणि वडिलांचं उत्तर घेऊन आला: "सोडलेल्या ओळींचा माल कमी निघाला तर तुझी मॅडम भरून देईल का?"

प्रश्न रास्त होता. संशोधन केंद्राचं प्लॉट वाया गेलं तर कुणाचा कर्जाचा हप्ता चुकत नाही. शेवटी बापलेकांत दोन ओळींवर तोड निघाली. सेमिस्टर संपलं तेव्हा ती केळी निसवायचीच, म्हणजे घड बाहेर पडायचेच होते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या तासाला हसणं-खिदळणं नव्हतं. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. मुलांनी जोडी-जोडीने दोन नाणी उडवायची, दोन्ही छापे म्हणजे आजार. एका जोडीला लागोपाठ तीनदा दोन्ही छापे पडले आणि वर्ग गप्प झाला. एक पावरा मुलगी म्हणाली, "आमच्या काकीला चारात एक असं सांगितलं होतं. पहिलाच आजारी निघाला, म्हणून घरच्यांना वाटलं आता पुढचे तीन सुटले." पुढच्यांची तपासणीच केली नव्हती. मी तिला काकीच्या सगळ्या मुलांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. साधी रक्ततपासणी असते, सरकारी दवाखान्यात होते. तिने पुढच्या आठवड्यात सांगितलं की काका तयार नाहीत, काकी आहे.

विद्यापीठाच्या पेपरात शेवटी व्याख्याच आल्या. अंतर्गत चाचणी माझ्या हातात होती, तिथे सर्दीच्या पावडरीचं वाक्य पुन्हा दिलं आणि विचारलं, विकत घेण्याआधी काय विचाराल? काहींनी लिहिलं, किंमत आणि एक्स्पायरी. चुकीचं कसं म्हणणार, अर्धा गुण दिला. बऱ्याच जणांनी लिहिलं, पावडर न घेतलेल्यांपैकी किती बरे झाले? एका एमपीएससीवाल्याने एवढं लिहून खाली कलम ५१ अ पण जोडलं होतं.

यंदा पेपर पुन्हा माझ्याकडेच आहे. सिकलसेलचा तास या वेळी जानेवारीतच घेणार आहे, म्हणजे ज्यांना घरी बोलायचं आहे त्यांच्या हाताशी अख्खं सेमिस्टर राहील.